गिनी आणि ऱ्होड्सचं वाळवण: प्रथिनं ५ टक्क्यांवर अडकलीत, कुठे काय बदलायचं?

गोठावही

नमस्कार मंडळी. गिनी आणि ऱ्होड्स या दोन गवतांचं वाळवण करून गठ्ठे रचलेले आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल कोरड्या वजनावर असा आला: प्रथिनं ५.१ टक्के, एनडीएफ (एकूण तंतू) ७४, एडीएफ (त्यातला पचायला कठीण भाग) ४५, राख १३. गठ्ठ्यातला ओलावा ११ टक्के. कापणी पूर्ण फुलोऱ्यात, आधीच्या कापणीनंतर साधारण ७० दिवसांनी झाली. गवत ओळीत पडलेलं असताना एक सर येऊन गेली. रंग फिकट पिवळा आहे, बुरशी नाही, वास वाईट नाही.

खाणारी जनावरं म्हणजे ४०० किलोच्या आसपासच्या भाकड आणि गाभण गाई, काही कालवडी. गव्हाणीत टाकल्यापैकी पाव हिस्सा तरी काड्या उरतात. शेण घट्ट, थर पडल्यासारखं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढच्या कापणीपासून काय बदलावं? रचून ठेवलेला माल सुधारता येतो का? आणि नुसती कुट्टी करून वर उसाची मळी (मोलॅसिस) शिंपडली तर भागेल का?

कुरणराखण

अहवालातला पहिला आकडाच बघा. कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जंतूंना तंतू फोडायला नत्र लागतं, आणि चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली उतरली की ते नत्र पुरत नाही. तंतू पोटात जास्त वेळ पडून राहतात, पोट भरलेलंच राहतं, जनावर खाणं कमी करतं. घट्ट, थरांचं शेण त्यामुळेच. किलोमागे प्रथिनं कमी, आणि पोटात जाणारे किलोही कमी, असा दोन्हीकडून तोटा.

आकड्यात मांडू. १२० ला एनडीएफने भागलं की जनावर वजनाच्या किती टक्के कोरडा चारा खाईल याचा अंदाज मिळतो. तुमच्या मालाला १.६ टक्के येतं. ४०० किलोच्या गाईला ते साडेसहा किलो, आणि त्यातून प्रथिनं साधारण ३३० ग्रॅम. निव्वळ अंग राखायलाच तिला अर्धा किलो लागतात. हेच गवत वेळेत कापलेलं असतं आणि एनडीएफ ६४, प्रथिनं १० टक्के असती, तर गाईने साडेसात किलो खाल्लं असतं आणि ७५० ग्रॅम प्रथिनं मिळवली असती. ठोंब तेच, जमीन तीच, फरक फक्त कापणीच्या तारखेचा.

उष्ण प्रदेशातली गवतं उन्हात झपाट्याने वाढतात आणि तेवढ्याच झपाट्याने निबर होतात. पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींच्या भिंती मुळातच जाड असतात, त्यामुळे कोवळं पानसुद्धा थंड हवेतल्या गवताइतकं पचत नाही. त्यात निसवण सुरू झाली की पानांचा हिस्सा घटतो, खोड वाढतं, खोडात लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडी घटक, भरतं. कापताना गवतात जे असतं त्याच्या वर वाळवण कधीच जात नाही. नंतरची सगळी मेहनत आहे ते टिकवण्यासाठी असते.

म्हणून गिनी २८ ते ३५ दिवसांनी कापा, ऱ्होड्स पोटरीत (तुरा अजून पानाच्या आवरणात) असताना किंवा तुरे जेमतेम डोकावू लागले की. खत आणि ओल बरी असेल तर साधारण चार आठवड्यांच्या फुटव्यात १० ते १२ टक्के, सहा आठवड्यांच्या ८ ते ९ आणि दहा आठवड्यांच्या ५ ते ६ टक्के प्रथिनं मिळतात.

टनेज घटेल ही भीती बरोबर आहे, पण हिशोब टनांचा करू नका. समजा ७० दिवसांच्या एका कापणीत हेक्टरी ६ टन कोरडं गवत निघालं, ५.५ टक्क्यांचं. प्रथिनं झाली ३३० किलो. त्याच काळात ३५ दिवसांच्या दोन कापण्यांत मिळून ४.८ टनच निघालं, पण १० टक्क्यांचं. प्रथिनं ४८० किलो, आणि गव्हाणीत काड्या उरणं जवळपास थांबतं.

खरी अडचण वेगळीच आहे. पोटरीची वेळ नेमकी पावसात येते, वाळवता येत नाही, म्हणून लोक उघडीप मिळेपर्यंत थांबतात आणि तोवर गवत ७० दिवसांचं होतं. यावर उपाय म्हणजे दिवस उलटे मोजायचे. तुमच्याकडे भरवशाची उघडीप कधी मिळते ते ठरवा, तिच्या ३० ते ३५ दिवस आधी सगळा तुकडा एकदा कापून मोकळा करा आणि ते गवत हिरवंच खाऊ घाला किंवा मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) टाका. उघडीप येईल तेव्हा उभं गवत बरोबर वयाचं असेल. पावसाच्या मध्यातली कापणी वाळवायच्या मागे लागू नका, ती मुरघासाचीच.

आता राख. या गवतांत सिलिका असल्यामुळे ८ ते १० टक्के राख नेहमीचीच. १३ म्हणजे माती आली आहे. पातं फार खाली लागतंय किंवा दाताळ्याचे दात जमीन खरवडतायत. गिनीला १५ सेंटिमीटर, ऱ्होड्सला ८ ते १० सेंटिमीटर बुडखा ठेवा. गिनीच्या बुडख्यात पुढच्या फुटव्याचा साठा असतो. जमिनीलगत कापलं तर एकदा दोन पेंढ्या जास्त मिळतात आणि पुढची कापणी आठवडाभर मागे पडते. शिवाय खालची वीतभर काडी ही गवताची सगळ्यात निकस काडी.

खताचं: प्रत्येक कापणीनंतर तीन-चार दिवसांत हेक्टरी ५० किलो नत्र, म्हणजे सुमारे ११० किलो युरिया, आणि लगेच पाणी. कोरड्या तापलेल्या जमिनीवर युरिया तसाच पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो. वाळवण शेताबाहेर नेता तेव्हा टनामागे १५ ते २० किलो पोटॅशियमही बाहेर जातं. शेणखत परत येत नसेल तर दोनेक वर्षांत ठोंब विरळ व्हायला लागतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

एक धोका लक्षात ठेवा. भरपूर नत्र दिलं आणि नंतर ताण पडला की गवतात नायट्रेट साठतं, विशेषतः खोडाच्या खालच्या भागात. वाळवल्याने ते कमी होत नाही. मुरघासात बऱ्यापैकी कमी होतं, वाळवणात जसंच्या तसं राहतं. सुदान गवत आणि बाजरीवर्गातल्या चाऱ्यात हे जास्त. ताण पडलेला तुकडा असेल तर नमुना तपासा. कोरड्या वजनावर नायट्रेट १ टक्क्याच्या वर निघालं तर तो माल एकटा घालायचा नाही, आणि गाभण गाईंना तर नाहीच.

पानझड

कुरणराखण यांनी कापणीपर्यंतचं सांगितलंय, मी कापल्यापासून गंजीपर्यंतचं लिहितो.

कापलेल्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ७८ टक्क्यांचं हजार किलो हिरवं गवत १५ टक्क्यांवर आणलं की २५९ किलो वाळवण होतं, उरलेलं ७४१ किलो पाणी हवेत जायला हवं. आणि ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत कापलेलं गवत श्वास घेतच असतं, स्वतःची साखर जाळत असतं. म्हणून पहिला दिवस सगळ्यात मोलाचा. दव उडालं की सकाळीच कापा आणि कापल्या कापल्या पसरा. ओळीत ढीग करून ठेवलं तर वरचं करपतं, आतलं उबतं. पसरणी इतकी पातळ हवी की मधूनमधून जमीन दिसली पाहिजे.

पान आणि काडी एका वेगाने वाळत नाहीत, सगळा घोळ तिथे होतो. पान दुपारपर्यंत कुरकुरीत होतं, काडीच्या पेरात दोन दिवसांनीही ओल असते. काडी वाळायची वाट बघत हलवत राहिलात तर पान चुरा होऊन मातीत जातं, आणि प्रथिनं तर पानातच असतात. रबरी रुळांमधून काडी चेचून जाणारं कापणीयंत्र मिळालं तर जरूर वापरा, काडी बरीच लवकर वाळते. नसेल तर जाड काडीचं गवत वाळवायच्या भानगडीत पडू नका. संकरित नेपियर हे त्याचं ठळक उदाहरण: हिरवं किंवा मुरघास उत्तम, वाळवण म्हणून कायम फसवणारं.

उलथापालथ ओलावा ४०-५० टक्के असेपर्यंतच करायची, म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पानं दवाने जरा लवचिक असताना. त्यानंतर फक्त ओळी ओढून घ्यायच्या, तेही सकाळीच. भर दुपारी दाताळं फिरवलं की पानाचा आवाज येतो, तो आवाज आला की थांबावं.

ओलावा ओळखायची पद्धत: ओळीच्या तळातून, वरून नाही, सगळ्यात जाड काडी उचला. पेराजवळ अंगठ्याच्या नखाने खरवडा. साल सुटून आली तर अजून ओल आहे. साल चिकटून राहिली, पेर दाबल्यावर दमट लागलं नाही आणि मूठभर गवत पिळल्यावर काड्या तुटू लागल्या, तर गठ्ठे बांधायला हरकत नाही. याहून पक्कं हवं असेल तर मिठाची चाचणी करा. कोरड्या काचेच्या बरणीत दोन-तीन मुठी बारीक कापलेलं गवत आणि चमचाभर पूर्ण कोरडं मीठ टाकून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या आत. गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर अजून एक ऊन द्या.

लहान चौकोनी गठ्ठ्याला १८ टक्क्यांपर्यंत चालतं, मोठ्या गोल गठ्ठ्याला १५ च्या आतच हवं, कारण त्याच्या पोटातली ऊब बाहेर पडत नाही. २० च्या वर बुरशी ठरलेली. १८ ते २५ च्या दरम्यान अडकलात आणि पाऊस डोक्यावर असेल तर प्रोपिओनिक आम्लाचं संरक्षक बांधतानाच फवारतात, वजनाच्या अर्धा ते एक टक्का, ओल जितकी जास्त तितकं जास्त. त्याने गवत सुधारत नाही, फक्त बुरशी थांबते.

गंजी रचल्यावर पहिले तीन आठवडे तापमान बघत राहा. लोखंडी सळई पोटात खुपसून ठेवायची, १५ मिनिटांनी काढून हात लावायचा. सळई धरवत नसेल तर आत ६० अंशांच्या आसपास आहे, गंजी मोकळी करायची वेळ आली. ७० च्या पुढे गेलं असेल तर अग्निशमनाची तयारी जवळ असल्याशिवाय उकरू नका. हवा लागली की पेट घेतं.

तापलेलं गवत तपकिरी होतं, त्याला गोडसर, जळक्या साखरेसारखा वास येतो आणि जनावरं ते आवडीने खातात. इथेच माणूस फसतो. उष्णतेने प्रथिनं साखरेशी बांधली गेलेली असतात, अहवालात ती दिसतात पण पचत नाहीत. तुमचा माल फिकट आहे, तपकिरी नाही, त्यामुळे ही भानगड तुमच्याकडे नसावी. तुमचा फिकेपणा उन्हाचा आणि पावसाचा आहे. पाऊस काडीतली विरघळणारी साखर धुऊन नेतो, त्यामुळे एनडीएफची टक्केवारी आपोआप वर चढते. ऊन कॅरोटीन नेतं, म्हणून गाभण गाईंना जीवनसत्त्व अ वेगळं द्यावं लागेल.

उघडीप दोनच दिवसांची असेल तर तिकाटणी करा. गवत जमिनीवर निम्म्या ओलाव्यापर्यंत सुकवायचं, मग तीन बांबूंच्या तिकाटण्यावर रचायचं, आतून पोकळ, तळाशी हवा शिरायला फट ठेवून. पाऊस वरच्या थरावरून ओघळून जातो, आतलं हिरवं राहतं. मजुरी लागते, पण पान जवळजवळ सगळं वाचतं.

गोठावही

दोघांचेही आभार. उलटे दिवस मोजायची गोष्ट लगेच वहीत उतरवली. आता रचलेल्या मालाकडे येऊ. युरिया प्रक्रियेबद्दल ऐकून आहे. फिकट गठ्ठ्यांबरोबर त्याआधीच्या कापणीचे थोडे हिरवे, चांगल्या वासाचे गठ्ठेही आहेत. सगळ्यावर एकदमच प्रक्रिया करून टाकावी का?

कोठीपोट

हिरव्यांवर अजिबात नको. याचं कारण आधी सांगतो, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. चांगल्या गवतात साखर शिल्लक असते. साखर, अमोनिया आणि उष्णता एकत्र आली की ४-मिथाइल इमिडाझोल नावाचं विष तयार होऊ शकतं. जनावरं अचानक उधळतात, गोल गोल धावतात, कान फडफडवतात, झटके येतात. गाय वरवर ठीक दिसत असतानाही तिच्या दुधातून वासराला बाधा होते. युरियापेक्षा अमोनिया वायूच्या प्रक्रियेत हे जास्त दिसतं, पण नियम दोन्हीकडे एकच: प्रक्रिया निबर, साखर नसलेल्या गवतावर आणि काडावरच करायची. तुमचा ५.१ टक्क्यांचा माल त्यात बसतो. हिरवे गठ्ठे कालवडींसाठी बाजूला काढा.

रीत अशी. १०० किलो वाळलेल्या गवताला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सुटं किंवा कुट्टी केलेलं गवत वीतभर जाडीच्या थरात, प्रत्येक थरावर झारीने मोजून पाणी, मग पायाने चांगलं तुडवणं. मोजून म्हणजे खरंच मोजून: एका थरात २० किलो गवत असेल तर ८ ते १० लिटर. डोळ्याच्या अंदाजाने शिंपडलं की खालच्या थरांना जास्त आणि वरच्यांना कमी जातं, आणि मग काही घास कडक तर काही विषारी अशी गंजी बनते. सगळे थर झाले की वरून कागद, कडा मातीने दाबून हवाबंद. उष्ण हवेत तीन आठवडे, २० अंशांच्या खालच्या हवेत चार ते पाच.

आत काय होतं ते कळलं की चुका टळतात. युरिएज नावाचं विकर (एंझाइम) युरियाचा अमोनिया करतं, अमोनिया ओलाव्यातून तंतूत शिरतो आणि लिग्निन आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला पचू शकणारा भाग) यांच्यातले बंध तोडतो. काडी फुगते, मऊ होते, जंतूंना आत शिरायला वाट मिळते. म्हणजे पाणी, विकर, उष्णता आणि बंदिस्तपणा या चारही गोष्टी हव्यात. पाणी कमी पडलं तर युरियाचे खडे तसेच राहतात. विकर गवतावरच्या जंतूंकडून येतं. फार स्वच्छ, फार कोरड्या मालात ते कमी असतं. अशा वेळी १०० किलोमागे एक किलो कच्च्या सोयाबीनचं पीठ मिसळतात. भाजलेलं चालत नाही, उष्णतेने विकर मरतं.

उघडल्यावर रंग गडद पिवळा-तपकिरी, काडी मऊ आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास, तर काम झालं. वासच नसेल तर प्रक्रिया झालेली नाही किंवा वायू निसटला. वास नसलेला माल घालायची घाई अजिबात नको, त्यात न फुटलेला युरिया असू शकतो. पांढरे, चिकट पुंजके दिसले तर तिथून हवा शिरली, तो भाग फेकून द्या.

रोजचा वाटा आदल्या दिवशी काढून पसरून ठेवायचा, म्हणजे सुटा अमोनिया निघून जातो. सुरुवातीला पाव हिस्सा प्रक्रिया केलेलं आणि बाकी साधं, आठ-दहा दिवसांत पूर्णावर. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नको.

मिळतं काय? घातलेल्या नत्राचा सुमारे एक तृतीयांश गवतात टिकतो, बाकी उडून जातो. ४ किलो युरियातलं नत्र प्रथिनांच्या हिशोबात साडेअकरा किलो होतं, त्यातले पावणेचार टिकले. ५.१ चं जवळपास ९ टक्के होतं. पचनीयता साधारण ५ ते १० अंकांनी वाढते, खाणंही वाढतं. फिकट गाठोड्यांसाठी याहून चांगला उपाय माझ्या मते नाही.

शेवरी

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. प्रक्रिया चांगलीच, पण तीन आठवडे, प्लास्टिक, पाणी आणि नेमकेपणा हे सगळं जमलं तरच. ज्यांच्याकडे द्विदल पाला आहे त्यांनी आधी मिश्रणाकडे वळावं. त्यातून खरी प्रथिनं मिळतात, शिवाय कॅल्शियम येतं, आणि चूक झाली तरी जनावर दगावत नाही.

गणित साधं आहे. तुमचं गवत ५ टक्के, वाळवलेला सुबाभळीचा पाला २२ टक्के, आणि मिश्रणात हवी आहेत ९ टक्के. ९ वजा ५ म्हणजे ४, भागिले २२ वजा ५ म्हणजे १७. उत्तर साधारण २४ टक्के पाला, ७६ टक्के गवत. १७ टक्क्यांचं लसूणघास किंवा चवळीचं वाळवण असेल तर ४ भागिले १२, म्हणजे एक भाग द्विदल आणि दोन भाग गवत.

सुबाभळीत मिमोसीन असतं. जास्त झालं तर केस गळतात, गळ्याची गाठ वाढते, वजन घटतं. म्हणून एकूण कोरड्या चाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ नका. काही प्रदेशांतल्या जनावरांच्या पोटात त्याचं विष पचवणारे जंतू असतात. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातून असे जंतू घेऊन ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले, तेव्हा तिथली बाधा थांबली. तुमच्या जनावरांत ते आहेत असं गृहीत धरू नका. पाला सावलीत वाळवा, फांद्या ताडपत्रीवर आपटून पानं गोळा करा. पान दोन दिवसांत सुटतं, चुराही वाया जात नाही.

दीर्घकाळासाठी गवतातच द्विदल लावणं सगळ्यात स्वस्त पडतं. गिनीच्या सावलीत स्टायलो (चाऱ्याचं एक द्विदल) दबतो, तिथे बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्प बरं. ऱ्होड्स किंवा अंजन गवताच्या ओळींत मात्र स्टायलो चांगला चालतो. बियाचं कवच कडक असतं, सुमारे ८० अंश गरम पाण्यात चार मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवून पेरा. स्फुरद द्यायला विसरू नका. नत्र मात्र बेताने, नाहीतर गवत उफाळून द्विदलाला गिळून टाकतं.

आता मळीबद्दल, कारण तो प्रश्न मागे राहिला. नुसती मळी शिंपडली की जनावर चवीने खातं आणि काड्या उरत नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटतं गवत सुधारलं. पण मळीत प्रथिनं नगण्य. नत्राची कमतरता असताना वर साखर दिली तर साखर खाणारे जंतू आहे ते नत्र पळवतात आणि तंतू पचवणारे अजून मागे पडतात. मळी द्यायची तर नत्राबरोबरच. कुट्टीचंही तसंच: दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी नासाडी वाचवते आणि खाणं वाढवते, पचनीयता वाढवत नाही. त्याहून बारीक केलीत तर रवंथ कमी होतो. शेळ्या-मेंढ्यांना तर निबर गवताची कुट्टी करूच नका. त्यांना निवडून पान खाऊ द्या, दहा-पंधरा टक्के जास्त टाका आणि उरलेल्या काड्या गाईंना.

कोठीपोट

मिश्रणाच्या बाबतीत शेवरींशी सहमत. पाला असेल तर पाला पहिला. नसेल आणि प्रक्रियेला वेळही नसेल, तर मळी-युरियाची शिंपडणी हा मधला मार्ग, पण पूर्ण शिस्तीत.

१०० किलो कुट्टीला १ किलो युरिया, ८ ते १० किलो मळी, १५ लिटर पाणी, १ किलो खनिज मिश्रण. युरिया आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचा, नंतर मळी घालायची, झारीने शिंपडून उलथापालथ करायची आणि त्याच दिवशी संपवायचं. एक किलो युरिया प्रथिनांच्या हिशोबात २.९ किलो. ५ टक्क्यांचं गवत ८ च्या जवळ जातं. आठ किलो खाणाऱ्या गाईच्या पोटात ८० ग्रॅम युरिया जातो, सवय लागलेल्या जनावराला तो झेपतो. सवय लावायला तीन आठवडे: पहिला आठवडा पाव किलोने, दुसरा अर्ध्याने, मग पूर्ण. मध्ये चार दिवस खंड पडला तर पुन्हा पावापासून सुरुवात.

सोबत गंधक हवं, नाहीतर जंतू त्या नत्राचं प्रथिन बनवू शकत नाहीत. नत्राच्या दहाव्या हिश्शाइतकं गंधक धरा. १ किलो युरियाला ४६ ग्रॅम गंधक, म्हणजे पाव किलो जिप्सम. हे हमखास राहून जातं आणि मग युरियाचा उपयोग होत नाही अशी तक्रार येते.

विषबाधा होते ती जवळजवळ नेहमी तीन प्रकारे: न विरघळलेला खडा, गव्हाणीच्या तळाशी साचलेलं पाणी जनावराने पिणं, आणि उपाशी जनावराला एकदम देणं. अर्ध्या-एक तासात लाळ गळते, पोट फुगतं, अंग थरथरतं, तोल जातो. पशुवैद्याला लगेच बोलवा. तोवर मोठ्या जनावराला तीन-चार लिटर पाच टक्क्यांचं व्हिनेगर भरपूर थंड पाण्याबरोबर पाजतात. अमोनिया रक्तात शिरणं त्याने मंदावतं. जनावर आडवं पडलं असेल, गिळत नसेल तर तोंडाने काहीही पाजू नका, फुप्फुसात जाईल. अशा वेळी नळीने द्यायचं काम डॉक्टरांचंच.

गोठावही

फार नेमकं सांगितलंत. शेवटचे दोन प्रश्न. शेजारच्या गोठ्यात घोडे आहेत, त्यांना यातलं काय चालेल? आणि पुढच्या कापणीचा नमुना कसा घ्यायचा? मागच्या वेळी एका गठ्ठ्याचा वरचा भाग उचलून पाठवला होता.

कुरणराखण

घोड्यांना युरिया प्रक्रिया केलेलं किंवा युरिया शिंपडलेलं काहीच नको. त्यांना कोठीपोट नसतं, त्यामुळे फायदा नाही, धोका मात्र आहे. गिनी, अंजन आणि सेटेरिया या गवतांत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या कोठीपोटातले जंतू त्याचा बराचसा भाग मोडून टाकतात, घोड्याला ते जमत नाही. महिनोन्महिने फक्त अशाच गवतावर ठेवलेल्या घोड्याच्या चेहऱ्याची हाडं सुजल्यासारखी जाड होतात, चाल बिघडते. ऱ्होड्समध्ये ऑक्झलेट कमी, म्हणून घोड्यांना ऱ्होड्स द्या. सोबत लसूणघास आणि कॅल्शियमयुक्त खनिजं. बुरशीचा एकही गठ्ठा घोड्याला नको. गाय जे निभावून नेते त्याने घोड्याला पोटदुखी होते.

नमुन्याचं: वरचा भाग उचलून पाठवला असेल तर मागचा अहवाल थोडा वाईटाकडे झुकलेला असू शकतो, कारण वरची पानं उन्हाने आणि हाताळणीने गळलेली असतात. एका कापणीचा, एका तुकड्याचा माल म्हणजे एक ढीग, दोन ढीग कधी मिसळायचे नाहीत. ढिगातले १५ ते २० गठ्ठे कसेही निवडा, चांगले बघून नव्हे. ड्रिलला लावायची पोकळ नळी मिळते. चौकोनी गठ्ठ्यात ती बारीक बाजूच्या मधोमध सरळ आत घाला, ३० ते ४५ सेंटिमीटर. सगळ्यांतून निघालेलं एका बादलीत एकत्र करा आणि सगळंच्या सगळं हवाबंद पिशवीत भरून पाठवा. बादलीतून चिमटीने उचलून थोडं पाठवलं तर पानाचा चुरा तळाशी राहतो आणि काड्याच प्रयोगशाळेत जातात.

मागवताना प्रथिनं, एनडीएफ, एडीएफ आणि राख याबरोबर एडीएफमध्ये अडकलेली प्रथिनंही मागवा. ती एकूण प्रथिनांच्या १० टक्क्यांहून जास्त निघाली तर माल तापला होता, आणि अहवालातल्या प्रथिनांतून तेवढी वजा धरूनच रोजचा चारा ठरवा. युरिया प्रक्रिया केलेल्या मालाचा नमुना पाठवताना पिशवीवर तसं ठळक लिहा आणि पसरून वास गेल्यानंतरचाच नमुना भरा. ताज्या उघडलेल्या मालात उडून जाणारं नत्रही मोजलं जातं आणि आकडा फुगून येतो.